स्वस्तातली चांगली लेन्स

१६ फेब्रुवारी

काल गोंडपिपरीच्या लग्नात झूम लेन्स पडली. हळद लागत होती, नवरदेवाच्या मामाचा धक्का बसला आणि कॅमेरा माझ्या हातातून थेट ओट्याच्या कडेवर आदळला. बॉडी वाचली. लेन्स फिरते, पण आतून खरखर वाजते आणि फोकस लागत नाही. गेली म्हणायची.

उरलेलं लग्न पन्नास एमएमच्या लेन्सवर काढलं. ही आमच्याकडची सगळ्यात स्वस्त लेन्स. प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी, झूम नाही. जुन्या बॉडीला लावून ती मी बायकोला, उर्वशीला देऊन ठेवली आहे. मी व्हिडिओत अडकलो की ती बायकांकडचे फोटो काढते.

लग्नसराई तोंडावर आहे. मूल गावात आमचा गुरनुले फोटो स्टुडिओ बाबांच्या वेळचा, पण विक्कीनं बसस्टँडसमोर नवा स्टुडिओ टाकल्यापासून गिऱ्हाईक तिकडं जातं. त्याच्याकडं ड्रोन आहे. आपल्याला भारी लेन्स परवडत नाही, तेव्हा कमी पैशात चांगलं काम देणारी शोधायची. त्यासाठीच ही डायरी. मोबाइलवर लोकांचे व्हिडिओ पाहून डोकं फिरतं. कोणत्या लेन्सनं कसा फोटो आला ते स्वतःच लिहून ठेवलेलं बरं.

१९ फेब्रुवारी

गोंडपिपरीचे फोटो निवडायला नवरीचा बाप, गुलाबभाऊ, आला होता. मोठे करायला त्यानं जे फोटो निवडले ते सगळे पन्नासचे. नवरीची आजी मांडवाच्या खांबाला टेकून एकटीच हसते आहे, तो तर त्यानं दोनदा मागितला. तो उर्वशीनं काढला होता, मी तेव्हा जेवत होतो.

म्हणजे पन्नासची लेन्स भारीच धारदार आहे. एवढ्या किमतीत असं काम दुसरी कोणतीच देणार नाही. पण सगळं लग्न तिच्यावर निघत नाही.

उर्वशी म्हणाली, "काऊन नाई निघत?"

"झूम नाई तिले. दूरचा माणूस दूरच राह्यते."

"मंग थोडं समोर जा ना तुमी."

तिला तांत्रिक गोष्टी समजावणं कठीण आहे.

२५ फेब्रुवारी

नागपूरला जाऊन आलो. सीताबर्डीवर दिवसभर फिरलो आणि जुन्या मालातून सतरा-पन्नासची झूम घेतली, दुसऱ्या कंपनीची. दोन पॉइंट आठ अॅपर्चर, म्हणजे मांडवातल्या अंधुक उजेडातही चालेल. आतल्या काचेवर थोडी धूळ आहे, पण बुरशी नाही. टॉर्च लावून नीट पाहिलं. मूळ कंपनीची हीच लेन्स घेतली असती तर दुकान विकावं लागलं असतं.

घरी आल्यावर भिंतीला पेपर चिकटवून चाचणी घेतली. मधली अक्षरं एकदम स्पष्ट, कोपऱ्यातली किंचित मऊ. एक अॅपर्चर कमी केलं की कोपरेही सुधारतात. या पैशात उत्तम. मला फार बरं वाटलं. उर्वशीला दाखवलं तर तिनं फोटोतली बातमी वाचून काढली.

६ मार्च

मूलमधलंच लग्न. मी नव्या झूमवर, उर्वशी पन्नासवर. निवडीला पुन्हा तोच प्रकार, मोठे करायला बहुतेक पन्नासचे. मी दोन्हीकडचे फोटो संगणकावर शेजारी लावून ताणून पाहिले. कोपऱ्यात माझी झूम उजवी आहे. पण गिऱ्हाईक कोपरे पाहत नाही.

पन्नासवर पुन्हा विचार करायला हवा.

१० मार्च

आज दुकानात दिव्या मडावी म्हणून मॅडम आल्या. धानोरा तालुक्यातल्या आहेत, गडचिरोलीच्या एका संस्थेत काम करतात. आधारला जोडायच्या कुठल्याशा कागदाची झेरॉक्स काढायला शिरल्या आणि भिंतीवरच्या मीराबाईसमोर उभ्याच राहिल्या. मीराबाई आमच्या गल्लीतली, भाताच्या गिरणीत कोंडा चाळते. फोटोत तिच्या भुवयांवर कोंडा बसला आहे, मागून ऊन येतं आहे आणि ती कुणावर तरी ओरडते आहे. उर्वशी गिरणीत गेली होती तेव्हाचा. पन्नासच्या लेन्सचा फोटो किती मोठा होऊ शकतो ते पाहायला मी तो छापला होता.

"हा कोनं काढला?" मॅडमनी विचारलं.

"आमच्या स्टुडिओचाच आहे," मी म्हटलं. "पन्नासची लेन्स. स्वस्त आहे, पण काम पाहा."

काउंटरवर उर्वशी पासपोर्टचे फोटो कापत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा कापायला लागली. एक सेट वाकडा कापला गेला, पुन्हा छापावा लागला.

मॅडमच्या संस्थेला मोहफुलं वेचणाऱ्या बायांचे फोटो हवे आहेत. आधी गडचिरोलीत प्रदर्शन, नंतर पुस्तक. मोह पहाटे गळतो, वेचणी उजाडता उजाडता होते, मोबाइलवर ते फोटो येत नाहीत. काम मिळालं. लग्नाबाहेरचं असं मोठं काम बाबांच्या काळापासून आमच्याकडं आलं नव्हतं. दोन्ही लेन्स नेणार.

२४ मार्च

धानोऱ्याच्या पुढं जंगलातलं गाव. मॅडमच्या मावशीकडं, सोमारीबाईकडं राहिलो. पहाटे सगळ्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या. कोणाचं झाड कोणतं ते ठरलेलं. खाली पाला जाळून जागा साफ केलेली, त्यावर फुलं पडलेली. वास असा की डोकं जड होतं.

मी बायांना ओळीनं बसवलं. टोपली पुढं घ्या म्हटलं, इकडं पाहा म्हटलं, थोडं हसा म्हटलं. मॅडम गोंडीतून सांगत होत्या. सोमारीबाईची शेजारीण मंगली मात्र एकसारखी मान खाली घालत होती. आधी पन्नास लावली, नंतर झूम. एकही फोटो हललेला नाही. समाधानानं परत आलो.

२९ मार्च

मॅडमचा फोन. "भाऊ, फोटो साफ हायेत. पन त्या कोंडेवाल्या बाईसारखे नाई वाटून राह्यले. पुन्हा येता का? मोह अजून पडतेच हाये."

मी पन्नासचे फोटो पुन्हा पाहिले. खरंच, काहीतरी कमी आहे. सपाट वाटतात. गिरणीचा कोंडा आत गेला असेल, नाहीतर वाटेतल्या हादऱ्यांनी आतली काच सरकली असेल.

३१ मार्च

चंद्रपूरला जटपुरा गेटजवळ खुशालभाऊ कॅमेरे दुरुस्त करतो, त्याच्याकडं पन्नास दाखवली. त्यानं उघडून, पुसून, पुन्हा बसवून दिली.

"यात काहीच खराबी नाई," तो म्हणाला.

"मंग फोटो काऊन सपाट येते?"

"ते लेन्सले विचार बाप्पा."

त्याचं आता वय झालं आहे. आधीसारखं बारकाईनं पाहत नाही बहुतेक.

१ एप्रिल

खुशालभाऊवर विसंबून चालणार नाही म्हणून आज स्वतः चाचणी केली. विक्कीकडंही पन्नासची तीच लेन्स आहे. मागितली, तोही लेन्ससोबत तमाशा पाहायला आला. मीराबाईचा फोटो उर्वशीनं काढला होता, म्हणून दोन्ही लेन्स तिच्याच हाती दिल्या. कोणती कोणाची ते तिला सांगितलं नाही. बाजारात जा आणि दोन्हींवर सारखे फोटो काढून आण म्हटलं.

ती तासाभरानं आली. दोन्हीकडचे फोटो सारखेच उत्तम. मिरची निवडणारी बाई, तिच्या पाठीवर झोपलेलं पोर, भाव करताना हात वर करून थांबलेला म्हातारा. लेन्समध्ये काडीचा फरक नाही. म्हणजे आमची लेन्स ठीक आहे, दोष जंगलातल्या उजेडाचा.

विक्की बराच वेळ फोटो पाहत राहिला. मग म्हणाला, "निकेशभाऊ, वहिनीले सीझनभर माह्याकडे पाठव. पगार देतो. अन् फोटोखाली तिचंच नाव टाकतो."

मी म्हटलं, "तुही लेन्स घे अन् जा."

तो हसला. मीही हसलो. उर्वशी हसली नाही.

२ एप्रिल

सकाळी चहा देताना उर्वशी म्हणाली, "मी जाऊ का विक्कीभाऊकडे?"

मला वाटलं थट्टा करते. "काऊन? इथी काय कमी हाये?"

"कमी काही नाई. विचारून राह्यली फक्त."

"अन् नाव कशाले पाह्यजे? फोटोवर स्टुडिओचा शिक्का असतेच ना. गुरनुले म्हनजे तूच."

ती म्हणाली, "मी नाई म्हटलं नाई त्याले अजून."

दिवसभर ती नेहमीसारखीच बोलली. मला मात्र कामात चित्त लागलं नाही. तिला विक्कीच्या दुकानात काय दिसतं? त्याच्याकडच्या लेन्स काही फार वेगळ्या नाहीत.

४ एप्रिल, सोमारीबाईचं घर

यावेळी उर्वशीलाही आणलं, दोन कॅमेरे असले तर काम लवकर होईल म्हणून. वाटेतच मला हुडहुडी भरली. आता खाटेवर पडून लिहितो आहे, अक्षर वाकडं येतं आहे. गावच्या आशा कार्यकर्तीनं रक्त तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्या सुरू.

उर्वशी संध्याकाळी सोमारीबाई आणि मंगलीसोबत फुलं वाळत घालत होती. कॅमेरा गळ्यात तसाच. एकही फोटो काढलेला मी पाहिला नाही. तिला म्हटलं, उजेड चालला, काढ ना. ती म्हणाली, "काढतो ना. आता बोलू तर द्या."

उद्या पहाटे ती एकटीच जाणार बायांसोबत.

६ एप्रिल, गडचिरोली, दवाखाना

कालचं आज लिहितो.

उजाडायच्या सुमारास ओरडा ऐकू आला. आधी एक बाई, मग सगळ्याच. मी खाटेवरून उठलो, पण तापानं दारातच बसलो. थोड्या वेळानं मंगलीला चौघींनी धरून आणलं. खांद्यापासून कोपरापर्यंत लुगड्याला रक्त. मागून उर्वशी. तिच्याही हाताला रक्त होतं, पण ते मंगलीचं.

अस्वल होतं. मोह खायला आलेलं, झाडाच्या पलीकडं बसलेलं. मंगली वाकून वेचत झाडाला वळसा घालून गेली आणि समोरासमोर आली. अस्वलानं उभं राहून तिला पाडलं. उर्वशी तिच्या अगदी जवळ होती. मंगली आदल्या संध्याकाळी तिच्याशी मोकळी बोलली म्हणून पहाटेपासून ती तिच्याच बाजूला राहून फोटो काढत होती. तिनं गळ्यातला कॅमेरा काढला, पट्टा हाताला गुंडाळला आणि अस्वलाच्या नाकावर हाणला. तोवर सोमारीबाई काठी घेऊन धावली, बाकीच्या बायांनी आरडाओरड केली आणि ते नाल्याकडं पळालं.

हे सगळं बायांकडून ऐकून मला दिव्या मॅडमनी सांगितलं. मी उर्वशीला विचारलं, "कॅमेरा?"

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग पिशवीतून काढून खाटेवर ठेवला. पन्नासची पुढची काच फुटलेली, फोकसची रिंग वाकलेली, आतून माती निघत होती. मी लेन्स हातात घेतली आणि तेव्हा मला दिसलं की तिच्या हातावर पट्ट्याचा वळ उठला आहे. मी आधी हातांचं विचारायला हवं होतं.

मंगलीला जीपनं धानोऱ्याला आणि तिथून इथं आणलं. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, हात वाचेल.

७ एप्रिल

उर्वशीला म्हटलं, आता पुरे, घरी जाऊ. पन्नास फुटली, माझ्यात ताकद नाही. मॅडमना सांगू, जमलं नाही म्हणून.

ती म्हणाली, "सोमारीबाई उद्या पुन्हा जाऊन राह्यली मोहाले. फुलं तं पडूनच राह्यले ना."

"तिले जावंच लागते. तुले काय पडलं?"

"मंगलीचा वाटा बी त्या सगळ्याजनी वेचनार हायेत. मले तेच काढायचं हाये. तुमची झूम द्या."

"तू नाई जायची."

तिनं माझ्या बॅगेतून झूम काढली, माझ्या बॉडीला लावली, झाकण तिथंच खाटेवर टाकलं. संध्याकाळच्या जीपनं मॅडमसोबत गावाला गेली. मी मंगलीच्या खाटेजवळ राहिलो. मंगलीची नणंद मला पेज पाजत होती.

१२ एप्रिल, मूल

ताप उतरला. आज दुकानात उर्वशीचे फोटो संगणकावर उघडले.

सोमारीबाई काठी झाडाला टेकवून वेचते आहे, पाठ झाडाकडं आणि डोळे नाल्याकडं. एक बाई दोन टोपल्या भरते आहे, एक स्वतःची, एक मंगलीची. दवाखान्यात मंगली डाव्या हातानं केस बांधायचा प्रयत्न करते आहे, जमत नाही आणि तिला स्वतःचंच हसू येतं आहे. मी त्या खाटेशेजारीच बसलो होतो, मला ते दिसलं नव्हतं.

सवयीनं लेन्सची माहिती पाहिली. सगळे झूमवरचे.

मग मी माझे मार्चचे फोटो उघडले. तीच झूम, तीच झाडं, त्याच बाया, तोच पहाटेचा उजेड. कोपरे माझे चांगले आहेत. पण माझ्या फोटोत बाया कॅमेऱ्याकडं पाहतात. हिच्या फोटोत त्या मोह वेचतात.

नंतर गोंडपिपरीचे काढले, मूलचे काढले, बाजारातले काढले. विक्कीच्या लेन्सवरचेही पाहिले. बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. बाबांनी मला फोकस शिकवला, डार्करूम शिकवली, आणि आपल्या घरात फोटो कोणाला काढता येतो यावर मी कधी विचारच केला नव्हता. जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तिला म्हटलं, "चांगले आले तुहे फोटो."

ती म्हणाली, "लेन्स नवी हाये ना."

चिडवत होती की काय, मला कळलं नाही. मी म्हटलं, "लेन्सचं काही नाई त्यात."

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, पण ती वळली नाही. मग पुन्हा लाटायला लागली.

१६ एप्रिल

दिव्या मॅडमचा फोन. फोटोंखाली नाव काय टाकायचं? गुरनुले फोटो स्टुडिओ, मूल, असंच ना?

"उर्वशी गुरनुले," मी म्हटलं.

"अन् तुमचं?"

"माहं नका टाकू. माहे फोटो बी काढून टाका त्यातून."

त्या म्हणाल्या, "एक ठेवू भाऊ. ओळीनं बसलेल्या बाया. सोमारीमावशीले तोच आवडते, सगळ्यांचे चेहरे दिसते म्हनते."

एक तरी राहिला. फोन ठेवल्यावर उर्वशीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग आत गेली आणि खूप वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

४ मे

गडचिरोलीत प्रदर्शन झालं. छोटाच हॉल, पण माणसं आली. जीपभर बाया गावाहून आल्या होत्या. मंगली हात गळ्यात अडकवून आली. अस्वल यायच्या थोडं आधीचा तिचा एक फोटो उर्वशीच्या कॅमेऱ्याच्या कार्डात शाबूत राहिला होता, तो मधोमध लावला होता. मंगली त्याच्यासमोर उभी राहून गोंडीत काहीतरी बोलली आणि सगळ्या बाया हसल्या. मी मॅडमना विचारलं, काय म्हणते?

"म्हनते, ही टोपली भरत आली होती माही. मंग ते फुलं अस्वलानं खाल्ले का तुमी?"

उर्वशी तिच्या चांगल्या हाताच्या बाजूला उभी होती. मंगलीनं तिचा हात धरून ठेवला होता. लोक फोटोंबद्दल विचारायला आले की मंगलीच उत्तर देत होती, गोंडीत, मोठ्यानं. कोणाला कळो न कळो.

मी दाराशी पाणी वाटत होतो.

१३ मे

संस्थेचे पैसे जमा झाले. फुटलेल्या पन्नासच्या जागी काय घ्यावं यावर मी आठवडाभर विचार केला होता. पंच्याऐंशीची एक जुनी चांगल्या भावात मिळते आहे, चेहऱ्यांसाठी सुरेख. किंवा पन्नासच पुन्हा. रात्री जेवताना उर्वशीलाच विचारलं, "तुले कोनती पाह्यजे?"

"कोनतीबी आना. झूम चालते मले."

"तरी बी. या पैशात तुले सगळ्यात कामाचं काय वाटते?"

तिनं माझ्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "स्कूटी."

"मी लेन्सचं विचारून राह्यलो."

"मले समजलं ना. पन तुमी सोडाले येसान तव्हाच मले जाता येते. सावली गावाले जायचं, सिंदेवाहीले जायचं, सोमारीबाईकडे जायचं. उजेड असते तव्हा तुमी झोपून राह्यता."

विक्कीला तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "विक्कीभाऊले मी कालच नाई म्हटलं."

२२ मे

जुनी स्कूटी घेतली, राखाडी. इंजिन चांगलं आहे, सीट थोडी फाटली आहे. लेन्स यंदा नाही.

उर्वशी आज उजाडायच्या आत सावलीला गेली, तेंदूपत्ता गोळा होतो त्या फडीवर. झूम लावून दिली, झाकण खिशात ठेवायला सांगितलं. इथं दुकानात सकाळपासून बाबांच्या जुन्या लेन्सवर पासपोर्टवाली चार गिऱ्हाइकं झाली. एक म्हातारा आला होता, पेन्शनच्या फोटोसाठी. त्याला स्टुलावर बसवलं, सरळ पाहा म्हटलं. तो पाहीना. बायको बाहेर उन्हात उभी आहे म्हणून सारखा दाराकडं पाहत होता.

मी तिला आत बोलावलं आणि पंख्याखाली बसवलं. मग तो माझ्याकडं पाहायला लागला. फोटो बरा आला.